वायरला भूक लागत नाही

सरांच्या घराच्या भाडेकरारात अकरा कलमं होती. दहा कुठल्याही करारात असतात तशीच होती: भिंतीला खिळे ठोकू नयेत, नळ उघडा ठेवू नये, वगैरे. नववं कलम मात्र मी आजवर दुसऱ्या कुठल्याही कागदावर वाचलेलं नाही. ते असं होतं: ‘भाडेकरूने घराबाहेर पडताना “जातो” व परत आल्यावर “आलो” असे तळमजल्यावर ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणावे. घरमालक त्यास उत्तर देतील.’

मी कळमेश्वरला तारेच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. तांब्याच्या तारेची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणं हे माझं काम. कागद पूर्ण वाचल्याशिवाय मी सही करत नाही. मी विचारलं, “सर, हे नववं कलम कशासाठी?”

“काहून? तुले आवाज नाही का?”

“आहे. पण आम्ही विसरलो तर?”

“तर मी वर येऊन विचारीन, आहे का गेला म्हणून. आणि मी आलो की तासभर बसतो.”

“आणि तुम्ही उत्तर द्यायला विसरलात तर?”

सरांनी चष्मा वर सरकवून मला नीट बघून घेतलं. हा प्रश्न आधीच्या एकाही भाडेकरूने विचारला नसावा. “मग मी करार मोडला असं समज,” ते म्हणाले, आणि आमचं जमलं.

वाडीतल्या त्या घरात आम्ही सव्वाचार वर्षं राहिलो. रविवार आणि सुट्ट्या सोडल्या तर मी आणि बायको मिळून पाच हजारांच्या जरा आतच ‘जातो’ आणि ‘आलो’ ओरडलो असू. सुरुवातीला बायकोला फार लाज वाटायची. घरासमोर गोदामं, ट्रकवाले माना वळवून बघायचे. या सगळ्या काळात सरांचं “हाव” हे उत्तर फक्त तीनदा आलं नाही. दोनदा ते आंघोळीला गेले होते आणि एकदा ट्रकच्या हॉर्नमध्ये आमचा आवाज बुडाला. तिन्ही वेळा ते नंतर जिना चढून वर आले, दारात उभे राहून “हाव” म्हणाले आणि खाली गेले. आता आम्ही स्वतःच्या घरात राहतो आणि सर-काकू मुलीकडे बंगळुरूला असतात.

सर निवृत्त प्राध्यापक. तेहतीस वर्षं त्यांनी प्राणिशास्त्र शिकवलं. झुरळापासून हत्तीपर्यंत सगळं शिकवलं असणार, पण त्यांचा जीव अडकला होता तो एकाच गोष्टीत: मज्जातंतूची पेशी आणि स्नायूची पेशी एकमेकींना कशा जगवतात यात. कुठूनही सुरुवात झाली तरी पाचव्या मिनिटाला सर तिथे पोचायचे. मी एक-दोनदा घड्याळ लावून बघितलं आहे. निवडणुकीवरून पोचायला त्यांना चार मिनिटं लागली, भेंडीच्या भाजीवरून तीन.

त्यांचं सांगणं मी जसं समजलो तसं असं. बाळ आईच्या पोटात असतानाच शरीर मज्जापेशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनवतं. प्रत्येक पेशी आपला एक लांब धागा घेऊन स्नायूकडे निघते. स्नायूजवळ एक प्रकारचं खाणं असतं, ते तो जवळ पोचलेल्या धाग्यांना थोडं थोडं देतो. ते सगळ्यांना पुरेल इतकं नसतं. ज्यांना मिळालं त्या पेशी टिकतात. ज्यांना मिळालं नाही त्या आपल्या आपण मिटतात.

“कोणी मारत नाही त्यांले,” सर म्हणायचे. “लक्षात ठेव. पेशी मरायले कारण लागत नाही. जगायले लागते. रोज कोणीतरी ‘आहे ना गा?’ म्हणून विचारावं लागते. नाही विचारलं, की ते समजते, आपलं काम नाही इथं. निघा.”

नवव्या कलमाचा उगम मला तेव्हा कळला.

हाच धडा त्यांनी कॉलेजात कसा शिकवला ती गोष्ट काकूंनी आम्हांला सांगितली, सरांच्या समोरच. वर्गात पन्नास मुलं होती. सरांनी कँटीनमध्ये तर्री पोह्याच्या पंचवीस प्लेटा सांगून ठेवल्या आणि वर्गात जाहीर केलं, “तुम्ही सगळे मज्जापेशी. कँटीन म्हणजे स्नायू. ज्याले प्लेट मिळाली तो जगला. ज्याले नाही मिळाली त्यानं बाहेर हिरवळीवर जाऊन शांतपणे मरायचं. भांडायचं नाही, आरडाओरडा नाही. पेशी करत नाही.”

“आणि पोट्टे मेले ना!” काकू म्हणाल्या. “पंचवीस पोट्टे लाइनीनं आडवे. तेवढ्यात प्रिन्सिपॉल साहेबांची गाडी आली. त्यायले वाटलं, पोह्यातून विषबाधा झाली. ॲम्ब्युलन्सले फोन!”

“त्यातल्या एकालेही मी उठू दिलं नाही,” सर समाधानानं म्हणाले. “साहेब हलवून हलवून पाहून राहिले, पण पोट्टे मेलेलेच. तेव्हाची बॅचच तशी होती. परीक्षेत तो प्रश्न आला तर पन्नासच्या पन्नास बरोबर.”

“आणि यायले मेमो.”

“मेमो शिक्षणाचा भाग आहे.”

सर माणसांना चेहऱ्यानं कमी आणि स्नायूंनी जास्त ओळखायचे. कोणी भेटलं की नमस्कार करायचा सोडून ते त्याचा दंड चाचपायचे. दूधवाल्याचं नाव त्यांना चार वर्षांत पाठ झालं नाही, पण त्याची डावी पोटरी उजवीपेक्षा भरलेली आहे हे ठाऊक होतं. जिन्यावर माझी पावलं वाजली की खालून आवाज यायचा, “तुह्या उजव्या पायाले आळस आहे गा!” तरी ते स्वतः घराबाहेर फारसे पडत नसत. निवृत्तीनंतर त्यांचं सगळं जग अंगण, पेपर आणि जिना एवढंच उरलं होतं. हे तेव्हा मला खटकलं नव्हतं. माणूस इतका बोलतो म्हणजे ठीकच असणार, असं मी धरून चाललो होतो.

आता कूलरचं सांगतो.

आमच्या तिसऱ्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या एका रविवारी सकाळी मी गॅलरीत कूलर बसवत होतो. खिडकी उंचावर, त्यामुळे स्टुलावर चढून खसच्या ताट्या बसवायच्या. स्टूल सरांचं, सागवानी, पण एक पाय जरासा आखूड. म्हणून सर ते धरायला स्वतःहून वर आले. दोन ताट्या बसल्या. तिसरी हातात घेताना मला कूलरची सैल झालेली वायर दिसली. मी म्हणालो, “वायर सैल असली की सगळं बंद. शेवटी शरीरातही असं वायरिंगच ना, सर?”

माझ्या हातून झालेली चूक एवढीच.

“वायरिंग?” सर खालून म्हणाले.

“म्हणजे नस म्हणजे वायरच की. तुटली की करंट बंद, जोडली की चालू.”

“वायरले भूक लागते का गा?” सरांचा आवाज चढला. “तुही तांब्याची वायर गोदामात वीस वर्षं ठेव. तशीच राहते. नसेले ठेवून पाह्य! ते जितीजागती आहे. तिच्या टोकाले पंजा असते, असा, बोटं पसरून, चाचपडत चाचपडत—”

आणि सरांनी पंजा दाखवला. दोन्ही हातांनी. मी पडताना मला वरून त्यांची दहाच्या दहा बोटं पसरलेली दिसली.

उजव्या दंडाचं हाड मधोमध मोडलं. हाडाचं डॉक्टरांना फारसं काही वाटलं नाही; ते जुळून येईल म्हणाले. पण हाडाला लागून जाणारी नस दुखावली होती. हात पुढे केला की मनगटापासून पंजा ओल्या फडक्यासारखा खाली लोंबायचा. मी उचलायला सांगत होतो, तो उचलत नव्हता. डॉक्टर म्हणाले, “बहुतेक वेळा ही नस आपली आपण परत येते. थांबू. साडेचार महिन्यांत काहीच हालचाल दिसली नाही तर सुईची तपासणी करू आणि गरज पडली तर हात उघडून नस बघू.” मग त्यांनी विचारलं, “पडलात कसे?”

“स्टूल हललं,” मी म्हणालो. ते खरंच होतं.

सर तेव्हा दाराशी उभे होते. त्या स्टुलाचा विषय त्यांनी पुढे कधीच काढला नाही.

माझ्यापुढचा प्रश्न सरळ होता. तारेची जाडी मोजायचा मायक्रोमीटर उजव्या हातासाठीच घडवलेला असतो. तो डाव्या हातात धरला की आकडे पलीकडे जातात. कारखान्यानं मला रजिस्टरं तपासायला बसवलं, पण ते काम किती दिवस पुरवतील याचा भरवसा नव्हता. एकवीस वर्षांत मी दुसरं काही शिकलो नव्हतो. हात परत आला नाही तर तपासणी विभागाला माझा उपयोग नव्हता.

प्लॅस्टर घातल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दार वाजलं. सर उभे होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, हातात शाळेतल्या मुलांची असते तशी कंपासपेटी.

“मनगट दे,” ते म्हणाले.

दवाखान्यातल्या बाईंनी सांध्यांचा एक व्यायाम शिकवला होता: दुसऱ्यानं आपला पंजा धरून वर-खाली करायचा, मग एकेक बोट, प्रत्येकी वीस वेळा. सरांनी तो माझ्या बायकोकडून समजून घेतला आणि त्या दिवसापासून ताब्यात घेतला. मी वहीत पाच रकाने आखले: तारीख, डाव्या हाताच्या कोपराखालचा घेर, उजव्याचा घेर, मनगट किती अंश उचललं आणि शेरा. कोन सर कोनमापक लावून दाखवायचे; त्यांना बारीक आकडे दिसत नसल्यामुळे वाचायचो मी आणि डाव्या हातानं लिहायचोही मीच.

एवढं मात्र सरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं. “यानं नस वाढते असं मी म्हणत नाही. हे सांधा आखडू नये म्हणून. नस आपल्या चालीनं येईन, दिवसाले एखादा मिलिमीटर. तोवर हा स्नायू उपाशी आहे. नसेकडून रोज यायचं ते बंद झालं त्याचं. तो बारीक होईन, घाबरायचं नाही. पण तो चूप बसत नाही. तो बोलावते.”

“आणि नस आली की ती स्नायूला जगवते?”

“आणि स्नायू नसेले. कोण कोणाले जगवून राहिलं हे विचारायचं नाही. दोघंही.”

मग ते माझ्या कोपराखालच्या भागावर वाकून मोठ्यानं विचारायचे, “आहे ना गा?”

स्वयंपाकघरातून बायको उत्तर द्यायची, “आहे, सर!”

“तुले नाही विचारलं वं!”

वीस मोजताना सर व्याख्यान सुरू करायचे आणि आकडा हरवायचे. मी “सतरा, सर” म्हणून सांगायचो. ते कधी विश्वास ठेवायचे, कधी पुन्हा एकपासून सुरुवात करायचे. एकही दिवस चुकला नाही. पोळ्याच्या दिवशी काकूंनी पुरणपोळीसाठी हाक मारली तरी करंगळीचे वीस झाल्याशिवाय सर खाली गेले नाहीत.

पण चौथ्या रकान्यात रोज शून्य. उजव्या हाताचा घेर डाव्यापेक्षा अडीच सेंटिमीटरनं कमी झाला आणि चौथ्या रकान्यात शून्य.

मी माझ्या पद्धतीनं गणित मांडलं होतं. जिथे हाड मोडलं तिथून कोपराजवळच्या पहिल्या स्नायूपर्यंत शिंप्याच्या टेपनं अंतर मोजलं: एकशे चार मिलिमीटर. सुरुवातीला आतली पडझड साफ व्हायला तीन आठवडे जातात असं सर म्हणाले होते, ते एकवीस. एकूण एकशे पंचवीस दिवस. कॅलेंडरवर त्या तारखेला मी बारीक टिंब काढून ठेवलं. त्या दिवशी सकाळी सहापासून मी मनगटाकडे बघत बसलो. काही झालं नाही. साडेसातला सर आले तेव्हा मी वही पुढे केली.

“गणित चुकलं, सर. किंवा नस येत नाहीये.”

सरांनी गणित वाचलं. “अंतर कसं मोजलं?”

“टेपनं. सरळ.”

“सरळ!” सर ताडकन उठले. “हे तुही वायरिंगवाली अक्कल. नस काय हायवेनं येते का? ते हाडाच्या मागून वळसा घालून येते. चाल.”

ते मला खाली घेऊन गेले. काकू पोळ्या लाटत होत्या. सरांनी त्यांच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि दोरा गुंडाळायला सुरुवात केली.

“अहो, तव्यावर पोळी हाय!”

“पोळी थांबन. हे हाड समज. हे नस. पाह्य गा, मागून असा वळसा.”

“पोळी जळून राहिली, नस गेली खड्ड्यात!”

दोरा सोडून मोजला. सरळ अंतरापेक्षा चौदा मिलिमीटर जास्त भरला. लाटणं हाडापेक्षा जाड आहे हे मी लक्षात आणून दिलं, आणि जाडीच्या हिशेबानं दुरुस्ती करून सात मिलिमीटर धरले. सात दिवस. म्हणजे एकशे बत्तिसावा दिवस. डॉक्टरांची तारीख एकशे तेहतिसाव्या दिवसाची होती.

ते सात दिवस मी कसे काढले हे लिहिण्यासारखं नाही. देवासमोर काय बोलली ते विचारू नका, असं बायको म्हणाली, म्हणून मी विचारलं नाही.

एकशे बत्तिसाव्या दिवशी सकाळी सरांनी नेहमीप्रमाणे माझा अंगठा वर करून कोपर वाकवायला सांगितलं आणि कोपराजवळ दोन बोटं ठेवून डोळे मिटले.

“थांब. परत कर.”

मी केलं.

“परत.”

मी केलं. मला काहीच जाणवलं नाही.

“हललं,” सर म्हणाले. “चादरीखालून उंदीर गेल्यासारखं. लिही.”

“किती लिहू?”

“एक.”

“एक काय, सर? अंश? मिलिमीटर?”

“एक म्हणजे शून्य नाही.”

“असं लिहिता येत नाही. मनगट उचललेलं नाही. कोनमापकावर शून्य आहे. मला दिसत नाही आणि जाणवतही नाही.”

“मले जाणवलं ना!”

“बोटाचा आकडा होत नाही, सर.”

मी शून्य लिहिलं. आज वाटतं, त्या माणसाला त्या दिवशी तो एकचा आकडा माझ्यापेक्षा जास्त हवा होता. पण तेव्हा मला ते कळलं नाही. सर कंपासपेटी मिटून चहा न घेता निघून गेले. खाली जाताना ‘जातो’ही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आम्ही पोचलो तर बाकावर सर आधीच बसलेले. वाडीहून ऑटो करून आले होते. काकूंनी नंतर सांगितलं की मी पडलो त्या दिवसानंतर पहिल्यांदाच ते गेटच्या बाहेर पडले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मी त्यांच्याकडे.

आत डॉक्टरांनी कोपराजवळ बारीक सुई घातली आणि मशीन सुरू केलं. “हात वाकवायचा प्रयत्न करा.” मी केला. मशीनच्या स्पीकरमधून कढईत पोहे भाजताना येतो तसा तडतड आवाज आला. थोडासाच. डॉक्टर पडद्यावर वाकले. “पुन्हा करा.” पुन्हा तडतड.

“नस पोचली आहे,” ते म्हणाले. “आता कुठे पोचते आहे. ऑपरेशनची गरज नाही.”

बायको तिथेच खुर्चीवर बसली. मी बाहेर येऊन सरांना सांगितलं. मला वाटलं ते आनंदानं काहीतरी करतील, निदान माझा दंड तरी दाबतील. ते म्हणाले, “कालच्या रकान्यात आता काय लिहिशील?”

आमच्या कारखान्यात चुकलेली नोंद खोडून काळी करत नाहीत. तिच्यावर एकच रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी नवा आकडा आणि सही. तिथे बाकावर बसून मी डाव्या हातानं तसं केलं. एक लिहिलं. एकक लिहिलं नाही. माझ्या नोकरीत किंवा घरात, एकक नसलेला आकडा मी तेवढाच लिहिला आहे.

पुढचं सोपं होतं. दिवाळीत मनगट पाच अंश उचललं. संक्रांतीला वीस. घेरातला फरक एक सेंटिमीटरवर आला. मी कारखान्यात पुन्हा मायक्रोमीटर हातात घेतला. रोज साडेसातला सर यायचेच.

फेब्रुवारीत एकदा मी जिना उतरत असताना काकूंनी मला खुणेनं थांबवलं. आतल्या खोलीकडे बघून घेतलं आणि आवाज खाली केला.

“हात बरा होऊन राहिला ना?”

“हो काकू, झालाच आता.”

“बरं झालं बाप्पा. पण जरा हळू बरे व्हा.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

“हसू नका,” काकू म्हणाल्या. “रिटायर झाल्यापासून हे अकरा वाजेपर्यंत पांघरुणात राहत होते. तोच पेपर तीनदा वाचत. तुमी वरून ओरडले की तेवढं पडल्या पडल्या उत्तर देत. आता सहाले उठून दाढी करून राहिले. दाढी! माझ्यासाठी कधी केली नाही.” त्यांनी पुन्हा एकदा आत बघून घेतलं. “आणि ते स्टूल. त्याच आठवड्यात भंगारवाल्याले देऊन टाकलं. सागवानी होतं. काहून दिलं म्हणलं तर तोंडातून शब्द नाही. आता तुमचा हात बरा झाला, की मी यांचं काय करू?”

मी म्हणालो, बघतो.

त्या सकाळी मनगट तीस अंश उचललं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी ते तिसावरच थांबवलं. रोज नुसतं तीस लिहिलं नाही. सलग सारखे आकडे आले की मी स्वतः कारखान्यातली रजिस्टरं परत पाठवतो. खोट्या नोंदी कशा दिसतात हे वीस वर्षं पकडून पकडून मला पाठ होतं. म्हणून मी तीस, एकतीस, एकोणतीस, पुन्हा तीस असं लिहीत गेलो. उजव्या हातानं चांगलं लिहिता येत होतं, तरी डाव्यानंच लिहीत राहिलो. सर चष्मा वर करून “किती?” विचारायचे, मी सांगायचो आणि ते मान हलवायचे. “मंद आहे गा. बघू.” शेऱ्याच्या रकान्यात मी ‘प्रगती मंद’ असं लिहायला लागलो. बायको ते वाचून स्वयंपाकघरात जाऊन हसायची.

असे सतरा दिवस गेले. अठराव्या दिवशी मी मनगट उचललं, तिसावर आणून थांबवलं आणि “एकतीस” म्हणालो. सरांचा एक हात कोनमापकावर होता, दुसऱ्याचा अंगठा माझ्या हाताच्या खालच्या बाजूला, जिथले स्नायू पंजा खाली ओढतात तिथे. मी विसरलो होतो. आकडे माझ्याकडे होते, पण बोटं त्यांची होती.

“हा खालचा काहून इतका ताठ आहे?” सर म्हणाले.

त्यांनी अंगठा आणखी दाबून बघितला.

“वरचा उचलून राहिला आणि खालचा त्याले दाबून धरून राहिला. किती दिवसांपासून?”

“सतरा,” मी म्हणालो. वहीबाहेर आकडा विचारला की माझ्याकडून खरा येतो.

खालून काकूंच्या कुकरची शिट्टी झाली. सरांनी वही डोळ्यांजवळ धरून मागची पानं उलटली. तीस, एकतीस, एकोणतीस. मग म्हणाले, “खोटं लिहायचं असन तर वहीत लिही. स्नायूले कायले शिकवतो?”

मी हात सैल सोडला आणि मनगट उचललं. सरांनी कोनमापक लावला. अठ्ठेचाळीस. सरांनी चष्मा कोनमापकाला टेकेपर्यंत वाकून तो आकडा माझ्याआधी वाचला.

मी पेन उजव्या हातात घेतलं आणि चौथ्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात, तीस लिहिलं.

सर वहीवर वाकले. “काल एकतीस होते ना?”

“हो, सर.”

“एक अंश घसरला.” त्यांनी कंपासपेटी खटकन मिटली. “उद्यापासून सातलेच येतो.”